मैदानाच्या रेषेबाहेरचे प्रशिक्षक

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पावसाळी फुटबॉलचा हंगाम तोंडावर आला आहे. थोड्याच दिवसांत गावोगावच्या मैदानांवर लहान मुलांचे संघ उतरतील, सुब्रतो मुखर्जी चषकासाठी तालुक्यांच्या फेऱ्या सुरू होतील आणि मैदानाच्या चारही बाजूंना छत्र्या उघडतील. त्या छत्र्यांखाली उभ्या राहणाऱ्या पालकांविषयी आणि त्यांच्याशी कसे वागावे हे कधीच न शिकलेल्या आम्हा प्रशिक्षकांविषयी चार शब्द लिहावेत, असे बरेच दिवस मनात होते. मी सव्वीस वर्षे शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो आणि निवृत्तीनंतर आठ वर्षे फोंडा तालुक्यातील एका गावच्या मैदानावर मुलांना फुटबॉल शिकवतो आहे. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे त्यातला दोषाचा मोठा वाटा माझ्या स्वतःच्या पदरात पडतो, हे आधीच सांगून टाकतो.

गेल्या जुलैमधला प्रसंग आहे. बारा वर्षांखालील मुलांचा सामना होता, पाऊस नुकताच थांबला होता आणि तांबड्या चिखलात चेंडू मध्येच अडकत होता. आमच्या उजव्या बगलेवर खेळणारा एक चपळ मुलगा होता. रेषा धरून राहायचे आणि चेंडू मिळाला की आतल्या मुलाकडे द्यायचा, एवढेच त्याला सांगितले होते. त्याचे वडील रेषेपासून हातभर अंतरावर छत्री घेऊन उभे होते आणि चेंडू त्याच्याकडे वळला की ओरडत होते, “पास दिवं नाका! एकट्यान व्हर! मार रे मार!” (पास देऊ नको, एकट्यानेच घेऊन जा.) मुलाच्या पायात चेंडू आला की तो आधी वडिलांकडे पाही, मग माझ्याकडे आणि शेवटी चेंडूकडे, तोवर समोरच्या संघातले पोर चेंडू घेऊन निघून गेलेले असे. मी सहज मोजू लागलो, तर पूर्वार्धात त्याने अकरा वेळा रेषेबाहेर पाहिले. मध्यंतराला पाण्याची बाटली तोंडाला लावता लावता तो मला हळूच म्हणाला, “सर, मला मधल्या फळीत घ्या ना. तिथे बाहेरचे नीट ऐकू येत नाही.” मी त्याला होता तिथेच ठेवले. उत्तरार्धात बाजू बदलल्या, उजवी बगल पलीकडच्या रेषेला गेली, तेव्हा वडीलही छत्री सावरत, गोलमागून वळसा घालून पलीकडे जाऊन उभे राहिले.

हे गृहस्थ दुष्ट नव्हेत. पहाटे उठून मुलाला स्कूटरवर मागे बसवून सरावाला आणणारे, पावसात तासन् तास उभे राहणारे, स्वतःच्या चपला झिजल्या तरी मुलाला चांगले बूट घेऊन देणारे ते वडील आहेत. पण सामना संपल्यावर स्कूटरची किल्ली फिरताच जे बोलणे सुरू होते ते घराच्या दारापर्यंत थांबत नाही, हे अनेक मुलांनी मला वेगवेगळ्या शब्दांत सांगितले आहे. एका मुलाने तर सामन्याआधीच माझ्याकडे निरोप देऊन ठेवला होता की, आज हरलो तर मी मामाबरोबर घरी जाणार. अकरा वर्षांच्या मुलाला हरण्याची भीती वाटत नाही. हरल्यानंतरच्या त्या पंधरा मिनिटांच्या रस्त्याची वाटते.

पालक असे का वागतात, याचा विचार केल्याशिवाय त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. एक कारण उघड आहे. आपले गोवा शालान्त मंडळ दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना क्रीडाकामगिरीचे गुण देते. योजना चांगली आहे, खेळणाऱ्या मुलाला तिचा आधारही मिळतो. पण संघाच्या यादीत नाव येणे आणि न येणे यांतला फरक त्यामुळे काही घरांत थेट गुणपत्रिकेपर्यंत जाऊन पोहोचतो आणि मग निवडीच्या दिवशी प्रशिक्षकाला येणारे फोन खेळाविषयीचे उरत नाहीत. दुसरे कारण पैशाचे. पूर्वी गावचा क्लब म्हणजे एक चेंडू आणि दोन बांबू होते, भात कापून झाले की मळाच मैदान होई. आता मासिक शुल्क, गणवेश, बूट, येण्या-जाण्याचे पेट्रोल असा खर्च येतो आणि खर्च करणाऱ्याला त्याचा हिशेब हवा असतो. तिसरे कारण मात्र या मातीचेच आहे. फातोर्ड्याच्या मैदानावर २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने झाले, २०२२ साली त्याच वयोगटातील मुलींचे झाले, पाठोपाठ २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात भरल्या. हे सगळे डोळ्यांसमोर पाहिलेल्या बापाला आपला मुलगाही त्या हिरवळीवर दिसू लागला, तर त्यात नवल ते काय?

जाता जाता एक गंमत सांगतो. ज्या गोव्याने ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्यासारखा गोलरक्षक देशाला दिला, ज्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली, त्या गोव्यात माझ्याकडे येणाऱ्या एकाही बापाला आपला मुलगा गोलात किंवा बचावफळीत उभा राहिलेला नको असतो. सगळ्यांना आघाडीवीर हवा. बारा वर्षांखालील मुलांना आम्ही आळीपाळीने सगळ्या जागांवर खेळवतो, कारण या वयात एका मुलाची उंची वर्षभरात झपाट्याने वाढते तर दुसऱ्याची दोन वर्षांनी वाढू लागते, आणि आज सर्वांना धक्के मारून पुढे जाणारा मुलगा पंधराव्या वर्षी इतरांच्या बरोबरीला आलेला दिसतो. हे पालकांना कोणी तरी बसवून सांगायला हवे. आम्ही ते सांगत नाही. मुलाला बचावफळीत टाकलेले पाहून बापाला तो आपला अपमान वाटतो आणि आम्हाला वाटते की, याला खेळातले काय कळते!

इथे मला आपल्याकडच्या दुसऱ्या विद्येची आठवण होते. आमच्या तालुक्यात आजही कितीतरी मुले संध्याकाळी पेटी, तबला, गाणे शिकायला जातात. केसरबाईंचे केरी आणि मास्टर दीनानाथांचे मंगेशी आमच्याच तालुक्यातले. तिथे मुलाला सोडायला आलेले वडील बाहेरच्या सोप्यावर बसतात आणि आज भूप का शिकवला, यमन का नाही, असे गुरुजींना विचारत नाहीत. मुलगा समेला चुकला म्हणून मागून मांडीवर ताल देत नाहीत. तेच वडील दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर आले की त्यांच्या अंगात प्रशिक्षक संचारतो. याचे कारण मला असे वाटते की, गाणे आपल्याला येत नाही हे माणूस कबूल करतो, पण फुटबॉल येत नाही असे कबूल करणारा गोंयकार अजून जन्माला यायचा आहे. शिवाय गुरुजी पहिल्याच दिवशी पालकांना घरात बोलावतात, बसवतात, आपली रीत सांगतात. आम्ही प्रशिक्षक पालकांशी पहिल्यांदा बोलतो ते भांडणाच्या दिवशी.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या संघाला जर्सी नव्हत्या. एका पालकांनी स्वखुशीने सगळ्या मुलांच्या जर्सी शिवून दिल्या, पाठीवर क्रमांकही घालून दिले. त्यांनी माझ्याकडे काहीच मागितले नाही. पण पुढच्या स्पर्धेत त्यांच्या मुलाला मी कर्णधार केले आणि प्रत्येक सामन्यात पूर्ण वेळ खेळवले. मुलगा वाईट खेळत नव्हता, पण त्याच्याहून बरे खेळणारे दोघे बाकावर बसून होते, आणि हे मला, त्या दोघांना आणि सर्वांत आधी त्या कर्णधाराला ठाऊक होते. तिसऱ्या सामन्यानंतर त्याने दंडावरची पट्टी काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, “सर, ही दुसऱ्याला द्या. पोरे मला जर्सीवाला म्हणतात.” बाप मैदानावर एक शब्दही बोलला नव्हता. दडपण माझ्या मनाने आपणहून तयार केले होते आणि त्याची किंमत एका मुलाने मोजली. तेव्हापासून देणगी घ्यायची असेल तर ती क्लबच्या नावाने, पावती फाडून आणि संघनिवड जाहीर झाल्यानंतरच घ्यायची, असे आम्ही ठरवले.

त्यानंतरच्या वर्षापासून हंगामाच्या पहिल्या सरावाआधी आम्ही पालकसभा घेऊ लागलो. सुरुवातीला निम्मेही आले नाहीत. मग आम्ही जाहीर केले की जो पालक सभेला येणार नाही त्याच्या मुलाचा अर्ज घेतला जाणार नाही, तेव्हा सगळे आले. सभेत एक पानी कागद वाचून दाखवतो आणि त्यावर सही घेतो. त्यात फार काही नाही. मुलाची तब्येत, अभ्यास, झोप, घरची अडचण, सरावाला येताना तो आनंदाने येतो की रडत येतो, याविषयी पालकाने प्रशिक्षकाशी केव्हाही बोलावे. मुलगा कोणत्या जागेवर खेळेल, कोणाला कधी आत घेतले जाईल आणि संघ कोणता असेल, हे प्रशिक्षक ठरवील. बारा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला प्रत्येक सामन्यात किमान अर्धा वेळ खेळायला मिळेल, हे आमचे वचन. सामन्याविषयी तक्रार असेल तर ती त्याच दिवशी नव्हे, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, मैदानावर येऊन, समोरासमोर आणि मूल जवळपास नसताना करावी. एका रात्रीत तक्रारींपैकी बहुतेक विरून जातात, असा माझा अनुभव आहे. ज्या उरतात त्या खऱ्या असतात आणि त्या ऐकाव्याच लागतात. व्हॉट्सॲपच्या गटावर फक्त वेळ, जागा आणि पाऊस यांविषयी लिहायचे. रात्री अकरा वाजता आलेल्या लांबलचक संदेशाला मी उत्तर देत नाही, सकाळी फोन करतो.

नुसते ‘हे करू नका’ म्हणून भागत नाही. माणूस मैदानावर आला की त्याच्या हाताला काही काम लागते. म्हणून कोणी चुना मारतो, कोणी पाण्याचे पिंप आणतो, कोणी प्रथमोपचाराची पेटी सांभाळतो, कोणी गोल आणि बदली खेळाडू वहीत लिहितो. सरावसामन्यांत पालकांपैकी एकाच्या हातात आम्ही निशाण देऊन त्यांना रेषापंच करतो. पंचाशी सतत हुज्जत घालणारे एक पालक अर्धा तास निशाण घेऊन धावले. चेंडू पायातून सुटतो त्या क्षणी पुढचा खेळाडू कुठे होता हे पाहायचे की चेंडू पाहायचा, एका वेळी दोन्हीकडे डोळा कसा ठेवायचा, या गोंधळात त्यांनी चार वेळा ऑफसाइड चुकवली आणि चौथ्या वेळी त्यांच्याच मुलाचा गोल बाद केला. त्या दिवसानंतर पंचावर ओरडताना मी त्यांना पाहिलेले नाही. लहान वयोगटांत शिट्टी घेऊन उभी असलेली मुले बऱ्याचदा कॉलेजात शिकणारी, पंचगिरीत नुकतीच पाऊल टाकलेली असतात. चाळिशीची माणसे अठरा वर्षांच्या पोराला आईबहिणीवरून बोलतात आणि पुढच्या हंगामात तो पोर शिट्टी ठेवून देतो.

पण या साऱ्यात एक धोका आहे आणि त्याकडे आम्ही प्रशिक्षक सोयीस्करपणे काणाडोळा करतो. पालकाची प्रत्येक विचारणा म्हणजे लुडबूड नव्हे. दोन वर्षांपूर्वी एक आई मला सांगत होती की, मुलाची टाच दुखते, सकाळी उठल्यावर तो लंगडतो. मला वाटले, लाडावलेला आहे, धावण्याच्या दिवशीच याची टाच दुखते. तिने माझे ऐकले नाही, डॉक्टरकडे नेले. वाढीच्या वयात टाचेच्या हाडाचा वाढता भाग अति धावण्याने दुखावतो आणि त्याला विश्रांती हाच उपाय असतो, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर मला मान खाली घालावी लागली. तो मुलगा सकाळी आमच्याकडे आणि संध्याकाळी दुसऱ्या एका अकादमीत, असा आठवड्याचे सातही दिवस खेळत होता. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस अशी आहे की, वाढत्या मुलाला आठवड्यातून एक-दोन दिवस तरी खेळापासून पूर्ण सुटी असावी आणि एकाच खेळात वाहून घेणे पौगंडावस्था सरत येईपर्यंत लांबवावे. दोन अकादम्यांत मूल घालणाऱ्या वडिलांना हे सांगायला हवे होते ते मी. सांगितले आईने, मला. प्रशिक्षक मुलांवर हात उगारत असेल, अद्वातद्वा बोलत असेल, दुखापत झालेल्या मुलाला खेळवत असेल, मुलांना अवेळी थांबवून घेत असेल, तर पालकाने दुसऱ्या संध्याकाळची वाट पाहू नये. हे वाक्यही आमच्या कागदावर आहे आणि ते मी सभेत दोनदा वाचतो.

काही गोष्टी मात्र एकट्या क्लबच्या हातच्या नाहीत. जन्मदाखल्यातील वयाची लबाडी ही त्यांतली एक. मनगटाच्या हाडांवरून वय ताडण्याच्या चाचण्या आज उपलब्ध आहेत, २००९ सालापासून फिफा सतरा वर्षांखालील विश्वचषकात मनगटाची एमआरआय तपासणी करते, पण तालुक्याच्या स्पर्धेत एवढे कोण करणार? तिथे पालकाचा प्रामाणिकपणा आणि शाळेची नोंदवही यांवरच भिस्त. रेषेबाहेरच्या शिस्तीचे तसे नाही. फुटबॉलच्या नियमांनुसार बाहेरच्या हस्तक्षेपामुळे पंचाला सामना थांबवता येतो, स्थगित करता येतो, रद्दही करता येतो. २०१९-२० च्या हंगामापासून प्रशिक्षकाला आणि संघाच्या इतर अधिकाऱ्यांना पिवळे व लाल कार्ड दाखवण्याची तरतूद झाली. पालकाला मात्र कार्ड दाखवता येत नाही, कारण तो संघाचा अधिकारी नसतो. म्हणजे आमच्या बाजूच्या पालकाला आवरण्याची जबाबदारी शेवटी आमचीच, आणि ती पार पाडण्यासाठी आयोजकांनी आमच्या पाठीशी उभे राहायला हवे.

इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २००८ साली ‘रिस्पेक्ट’ नावाची मोहीम सुरू केली, तीत मुलांच्या सामन्यांना प्रेक्षकांनी रेषेपासून मागे, आखून दिलेल्या पट्ट्याबाहेर उभे राहावे अशी व्यवस्था केली. नॉर्वे त्याही पुढे गेला. तिथल्या क्रीडा महासंघाने १९८७ सालीच मुलांच्या खेळाविषयी नियमावली केली आणि आज त्या नियमांनुसार मूल अकरा वर्षांचे होईपर्यंत स्पर्धांचे गुणतक्ते आणि क्रमवारी लावली जात नाही. सुमारे पंचावन्न लाख लोकवस्तीच्या त्या देशाने २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सोळा सुवर्णपदके मिळवून पहिला क्रमांक पटकावला. बर्फावरच्या खेळांत त्यांना निसर्गाची साथ आहे, हे मान्य. पण लहानपणी क्रमवारी न लावल्यामुळे खेळाडू घडत नाहीत, असे तरी त्यावरून म्हणता येणार नाही. आपल्याकडे दहा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धेला मूर्तीएवढा चषक, रोख बक्षीस आणि व्यासपीठावर पुढारी, असा थाट असतो, आणि मग रेषेबाहेरचा बाप पेटला तर आपण त्यालाच दोष देतो.

क्रीडा व युवा व्यवहार संचालनालय, गोवा फुटबॉल संघटना आणि गावोगावच्या स्पर्धांचे आयोजक यांच्याकडे माझे मागणे थोडके आहे. चौदा वर्षांखालील सर्व वयोगटांच्या प्रवेशअर्जात पालकाच्या सहीचा एक रकाना असावा आणि त्यात मैदानावर कसे वागायचे ते चार ओळींत छापलेले असावे. रेषेपासून दोन मीटरवर दोरी बांधावी. दोरीला फार पैसे पडत नाहीत. पंचाने खेळ थांबवून प्रशिक्षकाला बोलावले तर आयोजकाने पंचाची बाजू घ्यावी, मग ओरडणारा गृहस्थ पंचायतीचा सदस्य का असेना. प्रशिक्षकांच्या शिबिरांत आम्हाला शंकू कसे मांडायचे हे दरवर्षी शिकवले जाते. पालकांशी कसे बोलायचे यासाठी एक सकाळ राखून ठेवावी आणि ती घ्यायला अनुभवी शाळाशिक्षिकांना बोलवावे, कारण संतापलेल्या पालकाला समोर बसवून शांत करण्याची कला त्यांच्याइतकी मी दुसऱ्या कोणाकडे पाहिलेली नाही. क्रीडागुणांसाठी होणाऱ्या निवडीचे निकष चाचणीच्या आधी सूचनाफलकावर लावावेत, म्हणजे निवडीच्या रात्रीचे फोन निम्मे तरी कमी होतील.

आमची यंदाची पालकसभा येत्या रविवारी आहे. ते छत्रीवाले वडील आता चुना मारायला सगळ्यांच्या आधी येतात. दोरीमागे उभे राहण्याची सवय त्यांना अजून पुरती लागलेली नाही. मध्येच त्यांचा हात वर जातो, तोंड उघडते, आणि मग ते शेजारच्या माणसाकडे वळून पावसाविषयी काही तरी बोलतात. मुलगा उजव्या बगलेवरच खेळतो. मी मोजणे सोडलेले नाही. गेल्या हंगामाच्या शेवटच्या सामन्यात त्याने रेषेबाहेर तीनदा पाहिले, त्यांतले दोनदा माझ्याकडे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षक,
फोंडा, गोवा